लुचेर्नाच्या पाच कांड्या

सोमवारी सकाळी नोएमी बारसोट्टी सगळ्यात आधी कांड्यांची हजेरी घ्यायची. कॉफीसुद्धा त्यानंतर.

लुचेर्ना नावाची त्यांची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत होती. तिच्या पोटातल्या बंद पेटीत स्फटिकाच्या कांड्या होत्या, हातभर लांब, जाड अंगठ्याएवढ्या रुंद, एकीला एक लागून, थरावर थर रचलेल्या. लांबच्या कुठल्या मेलेल्या ताऱ्याकडून निघालेला गॅमा किरण त्यांच्यात घुसला की कांड्या क्षणभर उजळायच्या. किती उजळल्या त्यावरून त्या किरणात किती ऊर्जा होती ते कळायचं. म्हणजे सगळा भरवसा त्या उजेडावर, आणि उजेड काही कायम सारखा राहत नाही. वाण्याचा काटा अधूनमधून तपासावा लागतो तसाच हाही तपासावा लागे. त्यासाठीचं माप अवकाशात फुकट मिळतं. वेगवान प्रोटॉन कांडीतून सरळ आरपार गेला की तो प्रत्येक कांडीत ठरलेलंच ओझं टाकून जातो, ना कमी ना जास्त. आठवडाभराचे असे प्रोटॉन गोळा करायचे, कुठली कांडी त्यांचं वजन किती सांगते ते बघायचं, आणि जी चुकत असेल तिचा कान पिळायचा. नोएमी कित्येक वर्षं हेच करत होती. लोकांना हे काम कारकुनी वाटायचं. तिला वाटायचं, शेकडो मैल उंचावरच्या स्फटिकाशी इतकं प्रामाणिक बोलणं दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत असेल?

लॅब पिसा शहराबाहेर, पाइनच्या रानाला लागून होती. खिडकी उघडली की डिंकाचा वास यायचा, आणि वारा समुद्राकडून असला की टेबलावर खारट धूळ बसायची. त्या सोमवारी तशीच धूळ होती. तिबेरिओ कागदात गुंडाळलेली गरम चेचीना, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पोळी, घेऊन दारात उभा राहिला. तिबेरिओ लॅबच्या यंत्रशाळेतला जुना माणूस, गाव शेजारचं लिव्होर्नो, पिसाशी पूर्वापार चुरस असलेलं, त्यामुळे पिसाच्या लोकांची टर उडवणं हे तो आपलं कर्तव्यच समजायचा.

"काय गं नोए, सगळ्या पोरी हजर?"

"पाच जणी आजारी दिसतायत."

"एकदम पाच? तुम्हा पिसावाल्यांचं काही खरं नाही. मनोरा बांधलात तो कलला, पेटी बांधलीत ती—"

"पेटी तू बांधलीस, तिबेरिओ."

"म्हणून तर इतकी वर्षं टिकली," तो म्हणाला आणि चेचीनाचा मोठा तुकडा स्वतःकडे ठेवून उरलेला तिला दिला.

पाचही कांड्या सगळ्यात वरच्या थरातल्या होत्या, शेजारीशेजारी, बरोबर मधोमध. त्यांचा उजेड जरासा उतरला होता. फरक एवढासाच होता की एखाद्याने दुर्लक्ष केलं असतं. नोएमीने केलं नाही, कारण तिला तसं शिकवलेलंच नव्हतं.

तिला शिकवलं होतं एल्विरा दोनाती यांनी. लुचेर्ना ही त्यांचीच. म्हणजे कागदावर ती दोन-तीन देशांची आणि बऱ्याच संस्थांची होती, पण लॅबमधल्या कुणालाही विचारलं तर तो म्हणाला असता, प्रोफची. नोएमी पहिल्यांदा काम मागायला गेली तेव्हा एल्विरा यांनी तिचे गुण विचारले नाहीत. म्हणाल्या, "हात बघू." नोएमीने उजवा हात पुढे केला. तो त्यांनी आपल्या हातात धरला, उलटासुलटा केला.

"ही करंगळी अशी बाहेर का गेलीय?"

"शाळेत व्हॉलीबॉल खेळताना मोडली, प्रोफ."

"हं. पण हात गरम आहे. चालेल तू."

गरम हात कशाला लागतो ते नोएमीला पुढे कळलं. हिवाळ्यात कांडी आणि तिचा उजेड टिपणारा डोळा यांच्यातला गोंद घट्ट व्हायचा. एल्विरा त्याची नळी मुठीत धरून बसायच्या, गोंद मधासारखा पातळ होईपर्यंत, आणि मग एकेक थेंब लावायच्या. बुडबुडा आला की पुसून पुन्हा. त्यांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर तरुणपणी लेथवर गेलं होतं, तरी त्यांच्याइतका स्वच्छ थेंब कुणाचा पडायचा नाही. एकही कांडी त्यांनी कधी टाकून दिली नाही. "बिघडली म्हणून वगळायचं? मग तुम्ही मोजत नाही, तुम्ही निवडताय," असं म्हणून त्या भल्याभल्यांना बैठकीतून उठवायच्या. नोएमीचा त्यांच्यावर जीव होता. भीतीही होती, पण ती त्या जिवाचाच भाग होती.

पेटीचं झाकण बंद करायचा दिवस तर लॅबमध्ये कुणी विसरणं शक्यच नव्हतं. पांढरे झगे, तोंडावर पट्ट्या, दुहेरी हातमोजे. झगा चढवला की कशालाही उघड्या हाताने शिवायचं नाही, हा तिथला काळ्या दगडावरचा नियम. आणि सगळे स्क्रू बसल्यावर एल्विरा यांनी उजवा हातमोजा काढला आणि झाकणावर सबंध तळवा टेकवला. तिबेरिओ ओरडला. त्यांनी हात उचलला नाही. नंतर स्वतःच ती जागा स्पिरिटने पुसली आणि निघून गेल्या.

पुढे त्या म्हाताऱ्या झाल्या तशी दुखणी आली. गुडघे, कान, आणि उजवा हात, जो गार पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले रक्त नीट पोचत नाही. त्या भर उन्हाळ्यातही उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून यायच्या. एकदा उकळती कॉफी त्या हातावर सांडली तरी त्यांना पत्ता नव्हता, कातडी लाल झाल्यावर दिसलं. त्या दिवसापासून तिबेरिओ त्यांचा कप न विसरता डावीकडे ठेवायचा. यंदा हिवाळा संपता संपता त्या गेल्या.

आणि वसंतात पाच कांड्या उतरायला लागल्या.

पुढच्या सोमवारी उजेड आणखी उतरला होता, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. जूनमध्ये रोमहून तपासणी मंडळ येणार होतं. लुचेर्ना जुनी झाली होती, तिच्यावरचा खर्च चालू ठेवायचा की तिला बंद करून समुद्रात पाडायचं हे ते ठरवणार होते. अध्यक्ष व्हाल्सेकी यांनी आधीच कळवलं होतं, आम्हाला एकच गोष्ट बघायची आहे, ऊर्जेच्या मोजमापावर अजून भरवसा ठेवता येतो का. शेकड्यात दोनपेक्षा जास्त चूक चालणार नाही. या पाच कांड्या अशाच घसरत राहिल्या तर चूक पाचावर जात होती. बाजूला काढाव्यात तर त्या बरोबर मधोमध, म्हणजे तागडीच्या पारड्यालाच भोक. आणि बाजूला काढायच्या म्हटल्यावर नोएमीच्या कानात तो आवाज यायचाच, तुम्ही निवडताय.

तिने डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं. वीजपुरवठा ठीक. दोन्ही टोकांचे डोळे ठीक. किरणोत्साराने स्फटिक मंदावतात, पण ते सगळे मिळून आणि वर्षावर्षाने, अशी पाचच कांड्यांवर खप्पामर्जी होत नाही. पेटीतले तापमापक वर्षानुवर्षं सांगत होते तेच सांगत होते. शेवटी तिने विचारलं, कांडी सबंध उतरलीय की तिचा काही भाग? कांडीच्या दोन टोकांना पोचणाऱ्या उजेडाची तुलना केली की कण नेमका कुठे पडला ते कळतं. तिने पाचही कांड्या बोटाबोटाने मोजल्या आणि जिथे उजेड कमी तिथे गडद रंग दिला.

चित्र पडद्यावर उभं राहिलं तेव्हा दुपार होती आणि तिबेरिओ स्क्रू-ड्रायव्हर परत मागायला आला होता. तो मागे येऊन थांबला.

"हे कुणी काढलं?" त्याने विचारलं.

"कुणी काढलं नाही. कांड्या आहेत त्या."

"नोए, चेष्टा करू नकोस."

चार कांड्यांवर चार लांबट गडद पट्टे होते. पाचवीवर एक आखूड, तिरका. खाली सगळ्यांना जोडणारा मोठा डाग. आणि अंगठ्याच्या शेजारचा पट्टा इतरांपेक्षा एक पेर कमी होता.

तिबेरिओने खिशात हात घालून किल्ल्या चाचपल्या. अशुभ टळावं म्हणून लोखंडाला हात लावायची त्याची सवय होती, पण एरवी तो ते गमतीने करायचा.

"प्रोफनी झाकणाला हात लावला होता म्हणून," नोएमी म्हणाली. आपला आवाज व्याख्यान दिल्यासारखा येतोय हे तिचं तिलाच कळलं. "घामातलं मीठ. इतक्या वर्षांनी आत झिरपलं असेल."

"झाकण केवढं जाड आहे ते मी तुला सांगू? मी कापलंय ते."

"मग दुसरं काय?"

"मला काय विचारतेस, मी लिव्होर्नोचा अडाणी माणूस," तो म्हणाला. पण हसला नाही, आणि स्क्रू-ड्रायव्हर न घेताच गेला.

लुचेर्नाची एक जुळी बहीण होती. अशा दुर्बिणींचं एक जास्तीचं अंग नेहमी खाली ठेवतात, त्याच हातांनी, त्याच स्फटिकांचं बनवलेलं, म्हणजे वर काही बिघडलं तर खाली पडताळून बघता येतं. ती जुळी कोठीच्या खोलीत, थंड कोरड्या हवेत, ओट्यावर बसलेली असायची. एल्विरा निवृत्तीनंतर लॅबमध्ये यायच्या त्या तिलाच भेटायला. झाकणावर हात टेकून बराच वेळ उभ्या राहायच्या. लोक म्हणायचे, बाईंना मूल नाही, दुसरं काय. त्या गेल्यापासून त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं.

नोएमीने जुळीला वीज जोडली. खाली प्रोटॉन नाहीत, पण म्यूऑन नावाचे कण आकाशातून सतत पडत असतात, छपरातून, आपल्या डोक्यातून, सगळ्यांतून आरपार. तेच माप. तिने आठवडाभर ते जमू दिले. हिला कधी किरणोत्सार लागला नव्हता, हिने कधी ऊनसुद्धा बघितलं नव्हतं. नोएमीची खात्री होती की हिच्या कांड्या धडधाकट निघतील, आणि मग वरच्या बिघाडाचं काहीतरी साधं कारण सापडेल.

खालच्याही त्याच पाच कांड्या उतरल्या होत्या. आणि आकार तोच.

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. नवऱ्याने विचारलं बरं वाटत नाही का, तर ती म्हणाली, मोजण्यात काहीतरी राहतंय. आणि रात्री भांडी पुसता पुसता तिला उमगलं की काय राहतंय. ती एवढे दिवस विचारत होती की उजेड कमी का झाला. आधी तो किती असायला हवा होता, हे तिने विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने झाकण बंद होण्याच्या आधीची, जमिनीवरची मापं घेतली आणि लुचेर्नाच्या अवकाशातल्या पहिल्या वर्षाचा उजेड त्यांच्याशी ताडून पाहिला. हे कुणी कधी केलं नव्हतं. करायची गरजच पडली नव्हती. दुर्बीण वर गेली की पहिल्या महिन्यात जे दिसतं तेच शून्य धरायचं आणि पुढचा सगळा हिशेब तिथून मोजायचा, ही सगळ्यांची पद्धत. पहिल्या दिवसापासून जे सोबत आहे ते मोजणाऱ्याला दिसत नाही. ही चूक फक्त त्यांच्याच धंद्यातली माणसं करू शकतात, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून ती केली होती.

पहिल्याच वर्षी हात तिथे होता. गडद नाही, उजळ. चार बोटं, अंगठा, आखूड तर्जनी, स्वच्छ. लुचेर्नाची इतक्या वर्षांची सगळी मोजमापं, सगळे शोध, त्या हातासकट केलेले होते.

स्फटिक ऊब मिळाली की थोडा जास्त उजळतो. थोडाच, पण मोजता येईल इतका. नोएमीने तो जास्तीचा उजेड अंशांत मांडला. पेटी गार होती, तिचे सगळे तापमापक तसंच सांगत होते. हाताखालची जागा मात्र निरोगी माणसाच्या अंगाइतकी गरम होती. वर्षभर, दर आठवड्याला, सावलीत आणि उन्हात, सारखीच.

मग तिने हिवाळ्यापासूनचे आकडे मांडले. टेबलावर विसरलेला चहा निवतो तशी ती रेघ उतरत होती. जून येईपर्यंत काही उरणार नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून मोठं काही वेगळंच होतं. गोंदाची नळी मुठीत धरून बसलेली ती बाई तिला दिसली, शून्याखालच्या थंडीत इतकी वर्षं कांड्या उबेत धरून बसलेली. असं माणूस पुन्हा होणार नाही, असं तिला वाटलं, आणि ती ऑफिसात एकटीच रडली.

कोठीच्या खोलीत ती जेवणाच्या सुटीत गेली. बाहेर समुद्राचा वारा सुटला होता आणि पाइनची फळं पत्र्यावर पडत होती. सगळे उपाहारगृहात होते. जुळी ओट्यावर तशीच बसली होती.

नोएमीने हातमोजे घातले. मग उजवा काढला.

नियम तिला पाठ होता. नव्या मुलांना तीच तो शिकवायची.

तिने झाकणावर तळवा टेकवला, एल्विरा टेकवायच्या तिथेच. धातू गार होता.

तिने स्वतःला सांगितलं, पाच मिनिटं आणि मग जेवायला.

धातू कोमट झाला. होणारच, असं ती मनात म्हणाली. हात गरम, धातू गार.

मग धातू हाताइतका गरम झाला.

मग हाताहून गरम.

हात उचलावा असं तिला वाटलं. उचलता आला असता, कुणी धरला नव्हता. पण धरलाय असंच वाटत होतं, खालून, बोटात बोट घालून, आणि त्यातलं एक बोट तिच्या बोटाला पुरत नव्हतं.

थोड्या वेळाने तेही वाटेनासं झालं.

तिने हात उचलला, ती जागा स्पिरिटने पुसली आणि जेवायला गेली. सूप होतं. तिबेरिओ समोर बसला होता आणि लिव्होर्नोच्या मासळीसारखी मासळी जगात नाही असं कुणाला तरी पटवत होता.

सोमवारी तिने हजेरी घेतली. पाचही कांड्या वर आल्या होत्या. त्या नुसत्या सावरल्या नव्हत्या, जुन्या शून्यावर नेमक्या येऊन बसल्या होत्या. जून उजाडेपर्यंत रेघ तशीच सपाट राहिली. नोएमीचा जीव भांड्यात पडला. नवं चित्र मात्र तिने काढून ठेवलं, आणि ते कुणाला दाखवलं नाही. त्यात तर्जनी पूर्ण होती. करंगळी बाहेरच्या बाजूला झुकलेली होती.

मंडळ आलं त्या दिवशी उकाडा मी म्हणत होता. व्हाल्सेकी उत्तरेकडचे, बर्गामोचे, घामाने त्रासलेले आणि सरळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळे आकडे तास-दोन तास उलटेपालटे केले. मग चष्मा काढला.

"बारसोट्टी, वसंतात पाच कांड्या घसरल्या होत्या. आता ठीक आहेत. कारण?"

"तापमान," ती म्हणाली. तिने आयुष्यात कधी खोटा आकडा सांगितला नव्हता, आणि हेही खोटं नव्हतं. "तेवढ्याच भागात उतरलं होतं. आता स्थिर आहे."

"कसं स्थिर केलंत?"

"खालच्या जुळीवर काम करून."

"एवढ्याशा चुकीसाठी लोक आख्खा थर बंद करून टाकतात. तुम्ही एकही कांडी सोडली नाहीत?"

"आमच्याकडे सोडत नाहीत."

व्हाल्सेकी पहिल्यांदा हसले. "हे वाक्य मी या इमारतीत आधीही ऐकलंय. दोनाती बाईंनी मला एकदा याच खुर्चीवरून उठवलं होतं. मी तरुण होतो. रागाने निघून गेलो, पण स्टेशनवर पोचेपर्यंत त्यांचं पटलं होतं." त्यांनी कागद एकत्र केले. "दुर्बीण चालू राहील. आमची तक्रार नाही. फक्त मला एक सांगा, हे असं किती दिवस टिकेल?"

"मी आहे तोवर," नोएमी म्हणाली.

सगळे हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. व्हाल्सेकी उठले आणि टेबलावरून वाकून त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. घेतला तसा लगेच सोडला. आणि आपला तळवा नकळत कोटाला चोळला.

"एवढ्या उकाड्यात इतका गार," ते म्हणाले, आणि कागद उचलायला वळले.

तिबेरिओ तेवढ्यात सगळ्यांसाठी कॉफीचा ट्रे घेऊन आत आला होता. त्याने ते पाहिलं. थट्टा मात्र केली नाही. टेबलाला वळसा घालून तो एकेकासमोर कप ठेवत आला, प्रत्येकाच्या उजव्या हाताशी. नोएमीपाशी तो थांबला. मग तिचा वाफाळता कप त्याने तिच्या डावीकडे ठेवला, आणि कपाचा कान तिच्या डाव्या हाताकडे येईल असा फिरवला.